सारोळ्याचा ट्रॅक्टर आणि वाघजाईची उजवी

देवीच्या नावावर खोटं बोललेल्या माणसानं तिच्याच कृपेचा अनुभव लिहावा का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आमच्या वाडीतल्या वाघजाईच्या देवळाला आता नवा मंडप झाला आहे. त्याच्या भिंतीवर लावायला ट्रॅक्टरच्या कौलाची हकिकत लिहून द्या, असा तरुण मंडळींनी आग्रह धरला, कारण त्या सकाळी देवळात असलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. ही हकिकत वाडीत पोराबाळांनाही पाठ आहे. देवीनं उजवी दिली आणि ट्रॅक्टर सुखरूप घरी आला. यातलं ट्रॅक्टर सुखरूप आला हे खरं आहे. उजवी मात्र देवीनं दिली नव्हती, मी दिली होती.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून फार काळ लोटला नव्हता. भोर अजून संस्थान होतं. पालीच्या अलीकडे, राजगडाच्या सावलीत आमची वाडी. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी. आमची भातखाचरं तळहाताएवढी, पण नदीकाठी एक सपाट माळ होता. त्यात हरळी इतकी खोल माजली होती की आठ बैलांचा नांगरही तिथं हात टेकायचा. सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ एका बागाईतदाराकडे जुना ट्रॅक्टर विकायचा आहे असं कळलं. मी तो पाहून आलो आणि माझी झोपच उडाली. त्याचं इंजिन बंद होतं, एक भाग पुण्याहून आणून बसवायचा होता. पण मला त्या माळावर उलटलेली काळी ढेकळं दिसायला लागली होती. तात्यांचा होकार मिळायला वेळ लागला नाही. फक्त ते म्हणाले, “आईला इचारू. ती व्हय म्हनली की मग कुनाला इचारायला नगं.”

कौल लावायची आमच्याकडची रीत साधी आहे. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही राहिल्या तर देवी बोलत नाही, आपण थांबायचं. त्या दिवशी भल्या सकाळी कौल लावला. बाहेर भोरचा गणपत ड्रायव्हर मोटार घेऊन उभा होता. लष्कराच्या लिलावातली लहानशी उघडी मोटार, आता जिला पिकअप म्हणतात तशी. दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याकडे लांबच्या कामाला जाणार होता आणि बागाईतदाराकडे दुसरं गिऱ्हाईकही येणार होतं. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं तरी पाकळ्या हलेनात. गुरव तंबाखू मळायला बाहेर गेला. तात्या मला म्हणाले, “तू नजर ठिव, म्या जरा पाय मोकळं करतो.” बाहेर गणपतनं भोंगा वाजवला. मी गाभाऱ्यात हात घातला आणि नखानं उजवी पाकळी सोडवली. मग हाक मारली, “तात्या, उजवी दिली.” ते अनवाणी धावत आले. पायरीवर पडलेली पाकळी उचलून त्यांनी डोळ्यांना लावली आणि मुंडाशाच्या टोकात बांधून घेतली. त्या क्षणीच बोलायला हवं होतं. मी नारळ फोडायला दगड शोधत राहिलो.

सारोळ्याला ट्रॅक्टर जोडताना गणपतनं साखळी बाजूला टाकली. “उतारावर ह्यो हत्ती माझ्या अंगावर ईल,” तो म्हणाला. त्यानं बाभळीचा लांब वासा दोघांच्या मधे पक्का आवळला, म्हणजे ओढतानाही अंतर तेवढंच आणि ढकलतानाही तेवढंच. मी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसलो, तात्या गणपतशेजारी. कापूरहोळपर्यंत सडक चांगली होती. लोक कडेला उभे राहून बघत होते. कोणीतरी विचारलं, “पाव्हनं, रेडा मेलाय का आजारी हाय?” गणपत म्हणाला, “आजारी हाय. पुन्याचा डाक्टर येनार हाय.” नसरापूरला आम्ही वेल्ह्याच्या वाटेला वळलो आणि फुफाटा सुरू झाला.

मग ती चढण आली. अर्ध्यात गेल्यावर मोटारीची मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. धुरळा उडाला, रबराचा वास आला आणि आमची सगळी वरात मागं सरकू लागली. डावीकडे खाली नदीचं पात्र होतं. मी ब्रेकवर उभाच राहिलो. तात्यांनी उडी मारून चाकामागं दगड लावले, तेव्हा कुठं आम्ही थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. गणपत खाली उतरला.

“तात्या, मोटार हलकी हाय. मागं वजन न्हाई, म्हनून चाकं जिमीन धरत न्हाईत.”

“मग म्या बसतो मागं.”

“तुमी बसून काय व्हनार? तुमच्यापरीस तुमचा परसादाचा नारळ जड हाय.”

तात्या हसले. मला मात्र हसू आलं नाही. गणपतनं वाशाच्या गाठीला हात घातला आणि म्हणाला, ट्रॅक्टर इथंच सोडावा लागेल, साताऱ्याचं काम उरकून काही दिवसांनी परत आल्यावर बघू. रस्त्याच्या मधोमध, अशा उतारावर, दोन दगडांच्या भरवशावर. तात्यांनी मुंडाशाच्या टोकाला हात लावला आणि शांतपणे म्हणाले, “न्हाई. आईनं उजवी दिलीया. ती अशी मधेच सोडायची न्हाई.”

ट्रॅक्टरची मला आता पर्वा नव्हती. तो इथं अडकला असता तर तात्यांचा देवीच्या शब्दावरचा विश्वास इथं अडकणार होता, आणि तो शब्द तिचा नव्हताच. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आई, चूक माझी आहे, ती ह्यांच्या पदरात घालू नकोस, एवढंच मनात म्हणालो. मग खाली उतरून तात्यांच्या पुढ्यात उभा राहिलो.

“तात्या, तुमाला एक सांगायचंय.”

त्यांनी हात वर केला. “थांब. सनई वाजतीया.”

खरंच वाजत होती. वळणाच्या मागून एक वऱ्हाड वर येत होतं. पुढं वाजंत्री, मागं एका बैलगाडीत नवरी आणि भांडी, बाकी सगळे पायी. नवरदेव आमच्या पलीकडच्याच वाडीचा निघाला. गणपतनं वऱ्हाडाकडे पाहिलं, मग मोटारीकडे, आणि एकदम ओरडला, “बसा समदी. फुकाट नेतो, पर जड मान्सं आदी.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात नवरदेवाची आत्या पुढं झाली. अशी भरदार बाई मी त्यानंतर पाहिली नाही. तिला चढवायला तिघं लागले. फळकुटावर टेकून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “जन्मभर घरची नावं ठेवत्यात. आज माझ्याबिगर गाडी हालंना, सांगा म्हनावं घरी.” मग व्याही चढले, करवल्या चढल्या, मोटार मागून चांगली दबली. वाजंत्र्यांना जागा उरली नाही, ते पुढं चालू लागले. गणपतनं गाडी सोडली. चाकांनी जमीन धरली. एक हिसका बसला, बाभळीचा वासा करकरला आणि ट्रॅक्टर वर निघाला, सनईच्या मागोमाग. खिंडीत पोचल्यावर सगळ्यांनी हसण्याचा एकच गलका केला, आणि मी ट्रॅक्टरवर बसून लहान मुलासारखा रडत होतो. तात्या मागं वळून म्हणाले, “बगितलंस? तिनंच धाडली ही मान्सं.”

दिवस मावळताना आम्ही वाडीत शिरलो तेव्हा वाजंत्री अजून वाजत होती. लोकांना वाटलं, तात्यांनी ट्रॅक्टरसाठी मुद्दाम ताफा बोलावला. आत्याबाईंनी उतरल्यावर ट्रॅक्टरलाच हळदकुंकू लावलं. पुण्याहून तो भाग आला, इंजिन धडधडलं, आणि माळावर नांगराचं पहिलं तास तात्यांच्या हातून झालं. हरळीची पांढरी मुळं उन्हात उताणी पडलेली पाहून ते बांधावर बसून राहिले, जेवायलाही उठेनात.

पुढं तात्या ही गोष्ट ज्याला त्याला सांगत आणि साक्षीला माझ्याकडे बघत. मी मान हलवत असे. चढणीवर बोलायला निघालो होतो तेव्हा सनईनं अडवलं, पण त्यानंतर मला कोणी अडवलं नव्हतं. त्यांच्या आनंदाला धक्का नको, असं मी स्वतःला समजावत राहिलो आणि ते गेले. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, मी चोरून घेतलेला कौल देवीनं खरा का केला असेल? आता वाटतं, तिनं माझं खोटं खरं केलंच नाही. तिनं तात्यांचा भरवसा राखला, आणि त्यांच्या मागं बांधलेला मीही ओढला गेलो, त्या ट्रॅक्टरसारखा. माझं इंजिन बंदच होतं. आणि पाकळ्या हलत नव्हत्या तेव्हा ती नकार देत नव्हती. थांब एवढंच म्हणत होती. कदाचित वऱ्हाडाला निघायला अजून वेळ होता.

हे सगळं लिहून भिंतीवर लावावं की नाही, हे ठरवायला मी गेल्या आठवड्यात देवळात गेलो. आताच्या गुरवाला पाकळ्या लावायला सांगितल्या. दुपार झाली तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. तो म्हणाला, “आजोबा, घरी जाऊन जेवून या, मी बघतो.” मी नको म्हणालो. दोन्ही हात मांडीखाली दाबून गाभाऱ्यासमोर बसून राहिलो. इतकं निवांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पडली काय आणि न पडली काय, मी तिच्या दारात होतो. ऊन उतरलं, गुरवानं दिवा लावला, आणि तिच्या खांद्यावरून एक पाकळी अलगद सुटली.

कोणत्या खांद्यावरून, ते वेगळं सांगायला नको. तुम्ही हे मंडपाच्या भिंतीवर वाचत आहात.