नवी पेठेत न घडलेला किस्सा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मॅडमना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? – ठाऊक नाही. आत ठेववत नाही, एवढंच.

मी माणसांना घाबरतो. पटत नाही ना? लिहिताना केवढा बोलका असतो! पण पंगतीत मीठ मागायला नको म्हणून अळणी भाजी मिटक्या मारत खाणारा मी. शेवटी सीबीटी नावाच्या मानसोपचाराच्या एका ऑनलाइन गटात नाव घातलं. आम्ही पाच-सहा घाबरट आणि एक मॅडम. ज्याची भीती वाटते तेच थोडं थोडं करून बघायचं. आधी काय वाटलं होतं आणि खरंच काय झालं, ते पुढच्या वेळी सांगायचं.

मला गृहपाठ मिळाला – दुकानात कापडं उलगडायला लावायची आणि काहीही न घेता बाहेर पडायचं. मी नवी पेठेच्या, आमच्या कापडबाजाराच्या, तोंडापर्यंत गेलो... खरं सांगू? तेवढाही गेलो नाही. रिक्षाला हात करावा लागला असता ना!

गटात मात्र रंगवून सांगितलं. दुकानदारानं ढीग लावला, मी 'नको' म्हणालो आणि ऐटीत निघालो, तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या चपला घालून. काय हसले सगळे! मग दर आठवड्याला नवी फजिती. सगळ्या घरी गादीवर बसून रचलेल्या.

गटात अक्कलकोटच्या एक ताई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. माझं ऐकून त्या खरोखरच दुकानात गेल्या. शब्द फुटेना, तशाच पळत बाहेर आल्या. पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "दादा, तुमी किती हसत सांगता. तुमाला जमतंय, मग मलाच का जमंना? माझ्यातच कायतरी खोट हाय की."

एक वाक्य पुरलं असतं – ताई, मी गेलोच नव्हतो. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, "जमेल, सवयीनं जमेल." मुरलेल्या माणसासारखं!

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत, मॅडम म्हणाल्या. कुणाला काही कल्पना? सगळे गप्प. मला ती शांतता सोसेना – पडद्यावरचे सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायला लागलं. तेव्हा तरी बोललो असेन, नाही?

बोललो. नवा किस्सा सांगितला. सगळे हसले, आणि ताईंचा विषय मागे पडला.