आईने न धुतलेले दगड

आमच्या अंधेरीत कुठेही खणा, लाव्ह्याचा काळा कातळच लागतो. समुद्राच्या तळाशी गाळ साचून झालेले जुने थर पाहायचे, तर उत्तरेला जायला हवं. म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षी भूगर्भशास्त्राचे सर आम्हाला हिमाचलमधल्या सोलनच्या डोंगरांत घेऊन गेले. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सर सांगतील ते सगळं मी वहीत उतरवून घ्यायचो.

सरांचा एक नियम होता. दगड फोडला की तिथल्या तिथे त्याच्यावर नंबर घालायचा आणि तोच नंबर वहीत टिपायचा. मगच पुढे जायचं. घाटाच्या रस्त्याने आम्ही खालून वर चढत होतो, म्हणजे जुन्या थरांकडून नव्या थरांकडे. खाली काळी पाटी, म्हणजे स्लेटचा दगड, मग राखाडी चुनखडक, मग पापुद्र्यांचा लाल शेल दगड, आणि त्यावर पुन्हा राखाडी चुनखडक. हे दोन चुनखडक हातात घेतले तर सारखेच दिसतात. कुठला लाल थराच्या खालचा आणि कुठला वरचा, हे नंबरच सांगणार.

पाच दिवस मी नियम पाळला. सहाव्या दिवशी वर्गातली चार मुलं छोटी रेल्वे बोगद्यातून निघताना बघायला धावली. ही मुलं एरवी माझ्याशी कामापुरतंच बोलायची. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने मागे वळून हाक मारली, "चल ना रे, दगड काय पळून जातायत?"

मला कुणीतरी बोलावलं याचाच इतका आनंद झाला की वाटेत फोडलेले सात दगड मी नुसते कागदात गुंडाळत गेलो आणि त्या दिवसाच्या पिशवीत टाकत गेलो. नंबर रात्री घालू म्हटलं. रात्री झोपलो.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "सहाव्या दिवसाचे नंबर कुठायत तुझ्या वहीत?"

ती चार मुलं मागच्याच बाकावर होती. विसरलो म्हणालो असतो तर सर ओरडले असते, इतकंच. पण माझ्या तोंडून निघालं, "सर, नंबर दगडांवरच होते. आईने दगड घासून धुतले. तिला कळलं नाही. लिहिता-वाचता येत नाही तिला."

वर्गात हशा पिकला. मागून आवाज आला, "झकास! याच्या आईने हिमालयाला आंघोळ घातली यार!"

सगळे हसले, आणि मीही हसलो. सरांनी हात वर करून वर्ग गप्प केला आणि ते हळू आवाजात म्हणाले, "तिच्यावर रागावू नकोस हं. चार दिवस देतो, बघ काही आठवतंय का."

संध्याकाळी साकीनाक्याजवळच्या आमच्या खोलीत शिरलो, तर दगड खाटेखालच्या फळीवर मांडलेले. पिशवी रिकामी. त्याच क्षणी मनात आलं, खरंच धुतले असतील तर बरं होईल. निदान मी खोटा ठरणार नाही.

आई स्टोव्हला पंप मारत होती. म्हणाली, "पिशवी पाण्यान वली झालेली, झिला. म्हणान काढून ठेवलंय. पाणी लावूक नाय हां मिया. तुझ्या कॉलेजचे ते, माका काय कळता?"

"कसेही ठेवलेस?"

"कसेही कशाक? तू घातलंस तसेच काढलंय. खालचो भिंतीकडे, वरचो ह्या बाजूक."

प्रत्येक दगड त्याच्याच कागदावर होता. भिंतीकडून मोजत आलो. काळी पाटी, राखाडी, लाल, राखाडी. पहिला फोडलेला दगड पिशवीच्या तळाशी गेला होता आणि शेवटचा सगळ्यात वर राहिला होता. तिने तो क्रम जराही मोडला नव्हता. सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी स्वतः पिशवी उघडून बघितली असती, तर तिच्या नावाने काही बोलायची वेळच आली नसती.

मी खाली बसून सातही दगडांवर नंबर घातले आणि वहीत टिपले. चारचा आकडा दोनदा खोडला.

दुसऱ्या दिवशी वही पाहून सर खूश झाले. "धुतलेल्या दगडांचा क्रम कसा लावलास?"

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मी म्हणालो, "आठवला, सर."

"शाब्बास. स्मरणशक्ती चांगली आहे."

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "तुझे मास्तर काय म्हणाले रे दगडांका?"

"नीट ठेवलेत म्हणाले."

भाकरी वाढता वाढता तिचा हात थांबला. "मिया ठेवलंय म्हणान सांगलंस?"

तिच्याकडे न बघता मी हो म्हणून मान हलवली. ती हसली आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.