हातामागून येणारा ब्रश

माझ्या पडेगावच्या लग्नाच्या अल्बम लॅबमधले फोटो दुरुस्त करणारे चाचा फोटोवर ब्रश फिरवतात, माऊसवरून हात उचलतात आणि थांबतात. "येऊ द्या, मागून येतंय," म्हणतात. जुने कॉम्प्युटर काढून मी दूरच्या सर्व्हरवरचं, इंटरनेटवरून चालणारं आणि चित्रं झटपट दाखवणारं ग्राफिक्स कार्ड नसलेलं स्वस्त मशीन भाड्यानं घेतलं, तेव्हापासून पडद्यावरचा ब्रश रेंगाळतो. "मशीन ठीक आहे," असं मात्र मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

परवा ब्रश उशिरा सरकला आणि एका नवरीच्या गालावरचा तीळच पुसला गेला. अल्बम बघून ती रडवेली झाली.

"माझीच नजर चुकली, बेटी," चाचा म्हणाले. मी अल्बम मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते डोळे तपासून आले. "नंबर तोच हाय, भाऊ. मग हातच म्हातारा झाला असंल."

मी मान डोलावली.