दशरथकाकांच्या नावाने

आमच्या कांदिवलीच्या प्रेसमध्ये सगळं दशरथकाकांच्या हातून उघडायचं. सकाळी शटर त्यांच्या किल्लीने आणि दिवसभर सर्व्हर त्यांच्या लॉगिनने.

सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. सगळ्या गिऱ्हाइकांची डिझाइनं त्याच्यावर, एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड दिलेला होता, पण चालवून दाखवा! एकदा मशीन एका नावाने सर्व्हरवर शिरलं, की दुसरं नाव घेतच नाही. परब म्हणून आत गेलात ना, मग आधी बाहेर पडा, त्याशिवाय पाटील म्हणून आत घेणार नाही. ही त्याची अक्कल! मी इथे डिझायनर म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी हा मेसेज बघून कीबोर्ड आपटला होता. काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "कित्याक तरास करून घेतंस गो? माझां नाव घाल."

घातलं. झालं काम. मी घातलं, राजेशने घातलं, प्रियंकाने घातलं. काकांचं मन मोठं आणि पासवर्ड सोपा. मिल बंद पडल्यावर त्यांचे वडील घरी बसले, तेव्हापासून काका या प्रेसमध्ये आहेत. कोणाचं काम अडलेलं त्यांना बघवायचंच नाही.

सोमवारी बोंब झाली. सरूबाईंच्या मसाल्याच्या पाकिटांचं अख्खं फोल्डर गायब. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि बॅकअपचं तर विचारूच नका. शेटजींचा मुलगा ओजस वर्षभरापासून धंदा बघतो. त्याने सर्व्हरवरची नोंद उघडली. शनिवारी दुपारी फोल्डर उडवलेलं, उडवणाऱ्याचं नाव दशरथ.

"काका, उद्यापासून येऊ नका," तो सरळ म्हणाला. सगळ्यांसमोर!

काका खाली मान घालून डबा पिशवीत भरायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"अरे, इथे सगळेच दशरथ आहेत!" मी ओरडले. "मी दशरथ, राजेश दशरथ, प्रियंका दशरथ!"

"मग तुमच्यापैकी कोणी उडवलं, ते सांगा."

कोण सांगणार? राजेश छताकडे बघत होता, प्रियंका मोबाइलकडे. काकांनी पिशवीचा बंद बांधला. आणि तेवढ्यात मला आठवलं. सकाळीच हा शहाणा ओजस मिरवत होता, 'शनिवारी लॅपटॉप साफ केला, काय झकास पळतोय यार!'

"ओजस, तुझा लॅपटॉप आण," मी म्हटलं. "आणि तुझ्या स्वतःच्या नावाने सर्व्हरवर जाऊन दाखव."

"त्याचा काय संबंध?"

"दाखव तर!"

त्याने रागारागाने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मेसेज आला, या सर्व्हरशी तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. "सर्व्हरच भंगार आहे," तो म्हणाला.

"सर्व्हर ठीक आहे. दुसरं नाव कुठलं ते बघ."

लॅपटॉपवर साठवलेले पासवर्ड उघडायला मीच माऊस ओढून घेतला. एकच नाव होतं. दशरथ. दिवाळीत नवा लॅपटॉप जोडला जाईना म्हणून यानेच आदळआपट केली होती, तेव्हा काकांनी येऊन आपलं नाव घालून दिलं होतं. ते तसंच राहिलं. आणि शनिवारी जागा करायला यानेच फोल्डर उडवलं, आपल्या लॅपटॉपवरची कॉपी समजून.

ओजसचं तोंड उतरलं. "काका, तुम्ही बोलायचं ना! ऐकून का घेतलंत?"

"काय बोलू? नाव माझांच होतां," काका म्हणाले.

"सॉरी काका. राहा तुम्ही. प्लीज."

काकांनी डबा पिशवीतून परत काढला. मग लॅपटॉपपाशी येऊन मला म्हणाले, "नमिता, माझां नाव काढ हयसून. सगळ्यांच्याच मशीनवरसून काढ." मी काढलं. सगळ्यांना आपापल्या नावाने आत जायला लावलं. काकांनी खिशातून शटरची किल्ली काढली आणि ओजसच्या टेबलावर ठेवली. "आता हीसुद्धा तुझ्याच नावान ऱ्हवांदे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बंद शटरसमोर उभे. आयुष्यात पहिल्यांदा काकाही आमच्याबरोबर बाहेर. ओजस मुलुंडहून धापा टाकत आला, सॉरी सॉरी म्हणत वाकला. किल्ली फिरली, पण शटर हलेना. ते उजवीकडून जरा उचलून घ्यावं लागतं. त्याने दोनदा हिसका दिला, हाताला काळं लागलं, मग वळून काकांकडे बघितलं.

काका खिशात हात घालून उभे होते. ते तसेच उभे राहिले.