काइंडली आणि आमची सोयरीक

माझ्या मुलीचा साखरपुडा मोडत आणायला मला एकच इंग्रजी शब्द पुरला.

शब्द होता 'काइंडली'. शाळेत त्याचा अर्थ 'कृपा करून' असा शिकवतात. आमच्या चाकणच्या कंपनीत मात्र मेलमध्ये 'काइंडली' दिसलं की समजायचं, समोरचा भडकलाय. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण सवय वाईट!

सायलीचा साखरपुडा तोंडावर आलेला. सांगवीचे होणारे व्याही जगतापसाहेब भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात. म्हटलं, आपणही इंग्रजीत कमी पडायचं नाही! (नुकतंच कोटाचं माप देऊन आलो होतो, अंगात साहेब संचारला होता.) दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'काइंडली वेळेवर यावे.'

लगेच जगतापसाहेबांचं उत्तर आलं, 'काइंडली कारण स्पष्ट करावे.'

वेळेवर यायला कसलं आलंय कारण, कप्पाळ! मी ठोकलं, 'काइंडली वरील मजकूर पुन्हा वाचावा.'

'काइंडली भाषा सांभाळावी!'

कंपनीत यापुढची पायरी म्हणजे थेट करार रद्द. सायली रडतच आली. "पप्पा, संकेतचा फोन होता. त्याचे वडील म्हणतायत, आत्ताच नोटिसा पाठवतात, लग्नानंतर काय करतील!"

बायकोने माझा फोन हिसकावून वाचला. "हे काय लिहिलंय?"

"अगं, नम्रपणे..."

"मला कधी 'काइंडली चहा दे' म्हणालात?"

"नाही."

"म्हणूनच संसार टिकलाय!"

तिने थेट विहीणबाईंना फोन लावला. "ताई, ह्यांचं मनावर घेऊ नका. कंपनीनं डोकं फिरवलंय ह्यांचं."

पलीकडून खो खो हसणं. "अवो, आमचं ध्यान काय येगळं हाय व्हय? जेवताना मीठ मागत्यात ते बी मेल टाकल्यागत! साखरपुडा हुणारच. तुमी साडीचा रंग सांगा."

रंग ठरला आणि आम्हा दोघा बापांना ग्रुपमधून हाकललं.

साखरपुडा दणक्यात झाला! जगतापसाहेबांनी भर हॉलमध्ये मला कडकडून मिठी मारली. एकत्र हाकलले गेल्यामुळे आमचं असं काही जमलंय की पाहुणे म्हणतात, व्याही असावेत तर असे. हे सगळं माझ्या इंग्रजीमुळे झालं, असं मी घरी छातीठोक सांगितलं.

"खरंय," बायको म्हणाली. "म्हणूनच लग्नपत्रिका मराठीत आहे, आणि ती जगतापवहिनींनी नि मी लिहिलीय."