चिंचेचे डाग

खंडेनवमीला चिंच भिजत घातली, की त्या आंबट वासासरशी शाहूपुरीतलं आमचं अंगण दिसतं. वडिलांच्या जुन्या मोटारीची अलॉय चाकं बघायला एक पारखी आला होता. एक चाक काढून त्यानं मागचा ओतीव शिक्का वाचला.

“अस्सल आहेत!” मग पुढचे काळे डाग बघून तोंड वाकडं केलं. “चिंचेनं कुणी घासली? किंमत गेली.”

दर खंडेनवमीला तांब्याच्या घागरीसारखी ती चाकं घासणारी आई उसळली. “पावणं, किंमत ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पूजा माझ्या हातची हाय!”

तेव्हा मला नुसते डाग दिसले होते. आता त्यात तिची बोटं दिसतात.

आज सकाळी मुलगा म्हणाला, “बाबा, आजोबांच्या मोटारीची चाकं पॉलिश करून घेऊया, डाग जातील.”

मी चिंचेचा गोळा त्याच्या हातात दिला. “घास.”