टिकलीखालचा डाग

"तुला न्हाय लावत गं. कोड हाय तुला."

संक्रांतीचं हळदीकुंकू. येरमाळ्यात, पाटीलकाकूंच्या ओसरीवर. सवाष्णींच्या ओळीत मी बसलेली. काकूंचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं आणि थांबलं.

"आन् तुझ्या पोरीचं स्थळ म्या कंच्या तोंडानं सांगू आता?"

बोट शेजारणीकडं गेलं. शेजारीण पदर आवरून सरकून बसली. वाण न घेताच मी उठले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोड असतं तरी मी माणूसच होते ना?

दोन भुवयांच्या मधे पांढरा डाग होता, टिकलीच्या बाहेर आलेला. आधी नुसती खाज यायची, मग डाग पडला. सासूबाई म्हणाल्या, "मोठी टिकली लाव, झाकंल." लावली. डाग तेवढा पसरला. मग त्याहून मोठी लावली. आमच्यात सगळ्या बायका असंच करतात.

संक्रांतीनंतर दाखवायला गेले, तर धाराशिवच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे टिकलीच्या डिंकानं झालंय. त्यातल्या रसायनानं कातडीचा रंग जातो. टिकली बंद करा. डाग जाईलच असं नाही."

मी ज्यानं डाग झाकत होते, त्यानंच तो वाढत होता. रडूसुद्धा आलं नाही.

गावातल्या दुकानात गेले. पाकिटावर देवीचं चित्र आणि किंमत. डिंक कशाचा, एक अक्षर नाही. क्रीमच्या डबीवर निदान बारीक अक्षरांत सगळं छापतात, तसा कायदा आहे म्हणे. दुकानदाराला विचारलं, "डिंकात काय घालत्यात?"

तो हसला. "टिकलीत काय असतंय वहिनी? तुमच्याच कातडीत खोट आसंल."

कंपनीला विचारावं तर पाकिटावर पत्ताही नाही. भांडायचं कुणाशी?

घरी आले तर पोरगी आरशापुढं उभी. टिकली काढून कपाळ खाजवत होती.

"आई, हे उन्हानं व्हतंय का गं?"

तिच्या हातातलं पाकीट हिसकावलं आणि चुलीत घातलं.

माझा डाग जायचा नाही. कंपनी मला सापडायची नाही. हे कळतं मला. पण आत काय घातलंय ते छापल्याशिवाय माझ्या घरात टिकली येणार नाही. पोरीला बघायला पाहुणे येतील तेव्हा ती उघड्या कपाळानं समोर बसेल, आणि शेजारी मी, डागासकट. का, असं कुणी विचारलं तर सगळं सांगेन.

स्थळ मोडलं तर मोडू दे.